पोकळ लादी

२६ जुलै २००५ हा दिवस ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कोणी विसरणार नाही. तुर्भ्याच्या बर्फाच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो आणि त्या दिवशी सेकंड शिफ्टला गुडघाभर पाण्यातून कसाबसा पोचलो. तासाभरात वीज गेली, दोन्ही कॉम्प्रेसर बंद पडले. पुढचे अडतीस तास वीज आली नाही. घरी जायची सोय नव्हती, फोन लागत नव्हता. कारखान्यात आम्ही सहाजण आणि टाकीत अर्धवट जमलेल्या लाद्या.

बर्फाचा कारखाना आतून कसा असतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. जमिनीत एक लांबरुंद टाकी असते. तिच्यात मिठाचं पाणी, त्याला आम्ही ब्राइन म्हणतो. अमोनियाच्या कॉइलनं ते उणे दहा अंशांपर्यंत थंड करायचं. शंभर लिटरला वीस-बावीस किलो मीठ असतं, म्हणून उणे दहालाही ते वाहतं राहतं. त्यात पत्र्याचे उंच डबे उभे बुडवलेले, डब्यांत साधं पाणी. टाकीवर लाकडी झाकणं. आमची सगळी ये-जा त्या झाकणांवरून. एक लादी जमायला चाळीस-बेचाळीस तास लागतात. ती बाहेरून आत जमत जाते, सगळ्यात शेवटी मधला गाभा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे हेड ऑपरेटर म्हणाले, "एक डबा काढून बघ रे, कुठवर आलंय." अख्खा कारखाना त्यांना नाना म्हणायचा. चेन पुलीनं डबा वर घेतला, बाहेरून पाणी मारलं, लादी सरकून खाली आली. दिसायला पुरी जमलेली. मी आकडा मारला तशी ती मधोमध फुटली आणि आतलं पाणी भसकन माझ्या पायांवर आलं. चहूबाजूंनी चार बोटं जाडीचा बर्फ, आत पोकळी, पोकळीत पाणी. ओंजळीत घेऊन चाखलं तर खारट. डब्यांत आम्ही बोअरचं आणि टँकरचं मिसळून भरायचो. ते जरासं मचूळ असायचं, पण इतकं खारट कधीच नाही.

"नाना, डब्याला भोक पडलंय. ब्राइन शिरलंय."

"भोक कसलं! बर्फ मीठ धरत नाही, आत ढकलत नेतो. जे नको ते सगळं मधल्या पाण्यात. लादीचा गाभा पांढरा का येतो मग?"

पंधरा वर्षं बर्फ काढत होतो, पण बर्फाबद्दलची ही गोष्ट मला त्या सकाळी समजली.

त्याच महिन्यात, १४ जुलैला, शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान त्याच्या एन्सेलॅडस या चंद्रापासून पावणेदोनशे किलोमीटरवरून गेलं होतं. हे मला कळलं बारा वर्षांनी. २०१७ च्या सप्टेंबरात माझी पुतणी ठाण्यातल्या चरईहून ऐरोलीला आमच्याकडे राहायला आली होती. ती तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. १५ सप्टेंबरला कॅसिनी शनीच्या वातावरणात घुसवून नष्ट केलं, ती बातमी तिनं मला मोबाइलवर दाखवली आणि मग एक फोटो दाखवला. काळ्या आकाशात एका पांढऱ्या गोळ्याच्या तळातून कारंजी उडताहेत.

"काका, हा चंद्र फक्त पाचशे किलोमीटर रुंद आहे. पृष्ठभागावर उणे दोनशेच्या आसपास. दक्षिण टोकाला चार मोठ्या भेगा, एकेक सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब, आणि त्यातून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडतात. पाणी खारट आहे."

मी म्हणालो, "पोकळ लादी आहे ती."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी तिला २००५ ची सगळी हकीकत सांगितली. ठाण्याहून नागपूर सरळ रेषेत धरलं तरी पाचशे किलोमीटरहून लांब आहे. म्हणजे एवढासा चंद्र, आणि त्याच्या पोटात सगळीकडून समुद्र. हे कसं ठरवलं ते तिनं सांगितलं तेव्हा मला फार आवडलं. फिरताना त्याचा पृष्ठभाग किंचित डुलतो. ते डुलणं इतकं आहे की बर्फाचं कवच खालच्या खडकाला चिकटलेलं असूच शकत नाही, मध्ये पाणी असलंच पाहिजे. २०१५ साली हा हिशोब पक्का झाला. डब्यात लादी सुटी झाली की डबा हलवल्यावर ती वेगळी हलते, हाताला लगेच कळतं. तसंच हे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण एक गोष्ट जुळत नव्हती. आमची लादी बेचाळीस तासांत गाभ्यापर्यंत जमते. मग साडेचारशे कोटी वर्षांत हा चंद्र का जमला नाही?

अर्धं उत्तर मला येत होतं. बर्फ जाड होतो तसा तोच पांघरूण होऊन बसतो. बाहेरची थंडी आत जायला त्याच्यातूनच जावं लागतं. एक इंच जमायला जेवढा वेळ लागतो, दोन इंचांना त्याच्या चौपट लागतो. हे कोणत्याही बर्फवाल्याला विचारा. पण पांघरुणानं वेळ लांबतो एवढंच. आत शेगडी नसेल तर कधी ना कधी सगळं जमणारच.

ही शेगडी म्हणजे भरती-ओहोटी. बाइंडिंगची तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलात तर ती बोटाला चटका देते. एन्सेलॅडससारख्या चंद्रांचं तसंच होतं. त्यांची वाट पुरती गोल नाही, किंचित लांबट आहे. ग्रहाच्या जवळ आले की जास्त ताणले जातात, लांब गेले की सैल पडतात. आपल्या खाडीला उधाण आणि भांग माहीत आहे, पण तिथे खाडीचं पाणीच काय, अख्खा चंद्र उचलला जातो. गुरूचा युरोपा दर ८५ तासांनी एक फेरी मारतो आणि त्यात त्याचं बर्फाचं कवच तीसेक मीटर वरखाली होतं असा हिशोब आहे. दिवसरात्र, थांबा नाही.

वाट लांबटच का राहते, हळूहळू गोल का होत नाही, तर त्याला शेजारी कारणीभूत आहेत. गुरूच्याच आयो या चंद्राच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीड या तिसऱ्या चंद्राची एक. ठरलेल्या वेळी ठरलेला धक्का बसतो, झोक्याला बसतो तसा. एन्सेलॅडसला असाच डायोनी नावाचा शेजारी आहे. ही उष्णतेची गोष्ट आधी कागदावर सापडली. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांनी २ मार्च १९७९ ला लेख छापला की आयो आतून वितळलेला असेल. तीन दिवसांनी व्हॉयेजर १ हे यान तिथून गेलं आणि त्यानं काढलेल्या फोटोंत आयोवर पेटता ज्वालामुखी दिसला. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह जाणार हे नाना आधी सांगायचे. त्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

२०१८ मध्ये राज्यात नियम आला की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा. आमचा बर्फ मासळीचा, दिवाळ्याच्या कोळीवाड्यात, करंजाला, भाऊच्या धक्क्याला जाणारा. डबे भरताना आम्ही रंग सारखा मिसळायचो. लादी निघाली ती पाहून सगळे बघतच राहिले. कडा काचेसारख्या, जवळजवळ बिनरंगी. आत येत येत फिकट निळी, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत दौतीतल्या शाईसारखी गडद कांडी. नाना तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. मी पुतणीला फोन केला, ती लोकलनं तुर्भ्याला आली. करवतीनं लादीचा आडवा काप काढून दिला, तो उजेडात धरून ती दहा मिनिटं नुसती बघत उभी होती.

युरोपाचं आहे ते असं. वर पंधरा ते पंचवीस किलोमीटर जाड बर्फ असावा असा अंदाज, खाली साठ ते दीडशे किलोमीटर खोल समुद्र. युरोपा आपल्या चंद्राहून थोडा लहान, पण पाणी पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुपटीच्या आसपास. बर्फ जमताना मीठ खाली ढकलत गेला असणार. हे पाणी सापडलं तेही मिठामुळेच. गॅलिलिओ यान १९९५ ते २००३ गुरूभोवती होतं. गुरूचं चुंबकीय क्षेत्र युरोपावरून फिरतं तेव्हा युरोपाच्या आतून उलट उत्तर येतं, म्हणजे आत वीज वाहून नेणारं काहीतरी, बहुधा खारं पाणी, आहे. ब्राइननं ओल्या हातानं स्विचला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि २०१९ साली हबल दुर्बिणीनं युरोपाच्या पिवळसर डागांत ओळखलं ते सोडियम क्लोराइड. आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ, किरणोत्सारानं पिवळं पडलेलं.

बर्फात निळा रंग का घालायला लागला, तर बर्फाच्या नमुन्यांत जंतू सापडत होते. तेव्हा आमच्यातले कित्येकजण म्हणायचे, "बर्फात कसले जंतू जगतात!" मीही म्हणालो असेन. पुतणीनं माझं हे म्हणणं कायमचं बंद केलं. तिनं सांगितलं, अंटार्क्टिकात ८०० मीटर बर्फाखाली व्हिलन्स नावाचं तळं आहे. जानेवारी २०१३ मध्ये गरम पाण्यानं भोक पाडून त्याचं पाणी वर काढलं. सूर्यप्रकाश तिथे पोचत नाही. एका मिलिलिटरमध्ये एक लाख तीस हजार पेशी निघाल्या, आणि त्यांतले बरेचसे अमोनियाच्या जातीची संयुगं जाळून जगणारे.

अमोनिया! १९९८ मध्ये आमच्याकडे गॅस सुटला होता. गॅस्केट बदला म्हणून नानांनी दोन महिने आधी सांगितलं होतं, ते कोणी मनावर घेतलं नाही. गंधकाची कांडी पेटवून गळती शोधायची म्हणजे पांढरा धूर येईल तिथे भोक. त्या दिवशी कांडीची गरजच नव्हती. ओला टॉवेल नाकाला बांधून व्हॉल्व्ह बंद केला, पण माझा खोकला वर्षभर गेला नाही. ज्यानं माझी छाती भाजली त्याच्यावर कोणीतरी पोट भरतं, हे पचायला मला वेळ लागला. एन्सेलॅडसच्या कारंज्यात अमोनियाही सापडला आहे, २००९ सालीच. पाण्यात एक तृतीयांश अमोनिया मिसळला तर ते उणे अठ्ठ्याण्णवपर्यंत गोठत नाही. तिथे एवढा नाही, पण आहे.

आणखी काय काय आहे ते ऐका. सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्याच पदार्थाचे, इतके बारीक कण मिळाले की ते नव्वद अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यातच तयार होऊ शकतात, म्हणजे समुद्राच्या तळाशी गरम झरे असावेत. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोल असे झरे सापडले तेव्हा आपल्याच पृथ्वीवर उन्हाशिवाय चालणारा जीवांचा बाजार भरलेला दिसला होता. एन्सेलॅडसच्या फवाऱ्यात कार्बनची संयुगं आहेत, २०१७ मध्ये हायड्रोजन असल्याचं जाहीर झालं, २०२३ मध्ये फॉस्फेट सापडलं. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन मिथेन सोडणारे जीव पृथ्वीवर आहेत. ओहोटीला ऐरोलीच्या खाडीकाठी जा. काळ्या चिखलातून बुडबुडे येतात, कुजक्या अंड्याचा वास येतो. वरच्या पातळ थराखाली प्राणवायू नाही, तरी तो चिखल जिवंत आहे. फ्लेमिंगोंचे फोटो काढायला लोक लांबून येतात. त्यांच्या पायाखालच्या चिखलाकडे कोणी बघत नाही, पण तिथे जीव असतील का या प्रश्नाचं उत्तर फ्लेमिंगोपेक्षा त्या चिखलाजवळ आहे.

मी फार उत्साहात आलो की पुतणी मला थांबवते. "काका, हायड्रोजन शिल्लक आहे हीच शंकेची जागा आहे." म्हणजे असं, की पंगत वाढलेली आहे, पानं तशीच भरलेली आहेत. जेवणारे असते तर पानं रिकामी नसती झाली? एकतर जेवायला कोणी आलेलंच नाही, नाहीतर वाढणारा इतक्या झपाट्यानं वाढतोय की खाणारे पुरे पडत नाहीत. दोन्ही शक्य आहे. मला हा मुद्दा मान्य करावा लागला आणि तो मला अजून टोचतो. तिथे काहीतरी जगत असावं असं मला मनापासून वाटतं. पण वाटण्यानं काही होत नाही, आकडा मारून लादी फोडावी लागते.

युरोपाकडे निघालेलं क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला सुटलं. एप्रिल २०३० मध्ये ते गुरूपाशी पोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, कधी कधी फक्त पंचवीस किलोमीटरवरून. कायम तिथेच फिरत राहिलं तर गुरूच्या किरणोत्सारात त्याची यंत्रं जळतील, म्हणून असं झटपट जायचं आणि बाहेर यायचं. बर्फाच्या आत बघणारं रडार त्यावर आहे. युरोपियन जूस यान २०३१ मध्ये पोचतंय, ते शेवटी गॅनिमीडभोवती फिरेल. माझं मत विचाराल तर पहिलं यान एन्सेलॅडसला जायला हवं होतं. तिथे डबा फोडायची गरजच नाही, पाणी स्वतःहून बाहेर येतंय, फक्त भांडं धरायचं. युरोपियन अवकाश संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये त्यालाच पहिली पसंती दिली आहे, पण ते यान सुटणार २०४० च्या दशकात. मी तेव्हा ऐंशीच्या घरात असेन.

क्लिपरवर २६ लाख लोकांची नावं एका चिपवर कोरून पाठवली आहेत. पुतणीनं २०२३ मध्ये माझं नाव भरलं. मी तिला म्हटलं, नानांचंही भर. ते त्याच्या आदल्या वर्षी गेले.

जानेवारी २०२६ मध्ये गुरू मिथुन राशीत होता आणि रात्रभर दिसायचा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कठड्याला कोपरं टेकून साध्या बायनॉक्युलरनं बघितलं तरी त्याचे चारही मोठे चंद्र दिसतात. नव्या मुंबईच्या एवढ्या उजेडातसुद्धा. युरोपा कुठला ते मोबाइलवर ताडून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तो जागेवर नसतो. खाली पामबीच रस्त्याची वर्दळ ऐकू येत नाही इतक्या लांब आम्ही आहोत, पण ट्रान्सफॉर्मरची घरघर येते, आणि मला ती कॉम्प्रेसरसारखी वाटते.

मार्च २०२२ मध्ये आमचा कारखाना बंद झाला. जागा गोदामाला दिली. टाकी रिकामी करायच्या आदल्या दिवशी पुतणी उकळून घेतलेल्या काचेच्या बाटल्या घेऊन आली. ती तेव्हा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत होती. एक झाकण उचललं आणि तळाजवळचं ब्राइन बाटलीत भरलं. गंजाचा गाळ, कॉम्प्रेसरच्या तेलाचा तवंग. किती वर्षांचं ते पाणी, वरून फक्त मीठ आणि पाणी वाढवत आलेलो.

पहिल्या खेपेला तिनं जंतू वाढवायच्या खारट अगारच्या प्लेटवर नमुना लावला, आणि शेजारी एक कोरी प्लेट ठेवली, जिच्यावर काहीच लावलं नव्हतं. दोन्हींवर ठिपके आले. म्हणजे हात, हवा, बाटली, कुठूनतरी आपलेच जंतू गेले. सगळं फेकून दिलं. मी हळहळलो तर ती म्हणाली, "काका, कॅसिनी शनीत आणि गॅलिलिओ गुरूत याचसाठी जाळलं. ती यानं भरकटून त्या चंद्रांवर आदळली असती तर तिथे पुढे काही सापडलं तरी ते त्यांचं की आपलं, हे कधीच सांगता आलं नसतं."

दुसऱ्या खेपेला ती जास्त काळजी घेऊन बसली. प्लेटा कॉलेजच्या फ्रीजमध्ये चार अंशांवर ठेवल्या. पाचव्या आठवड्यात तिनं मला ठाण्याला बोलावलं. कोरी प्लेट स्वच्छ होती. दुसरीवर साबुदाण्याच्या कण्यांएवढे सायीच्या रंगाचे सात ठिपके. ते उणे दहात वाढत होते की नुसते तग धरून होते हे या प्लेटवरून ठरत नाही, असं तिनं लगेच बजावलं. मी मान हलवली. भिंग मागून घेतलं आणि ते ठिपके एकेक करून पुन्हा मोजले. ज्या झाकणांवरून मी एकतीस वर्षं चाललो त्यांच्याखाली हे होते.